हवेच्या साच्यावरचे घुमट

२७ मे २००६ च्या पहाटे इंडोनेशियातल्या जावा बेटावर, योग्याकार्ताच्या परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ५,७०० हून जास्त माणसं दगावली, लाखो लोक उघड्यावर आले. प्रंबाननच्या हजार वर्षांपूर्वीच्या मंदिरांचे दगडही निखळले. या मंदिरांपासून जवळच, टेकडीच्या उतारावर नगेलेपेन नावाची एक वाडी होती. तिथली घरं तर पडलीच, पण वाडीखालची जमीनसुद्धा खचली आणि सरकली. जुन्या जागी पुन्हा घर बांधण्याचा मार्गच उरला नाही.

ऑक्टोबर २००६ मध्ये टेकडीच्या पायथ्याच्या सपाट जागेवर नवं गाव बांधायला सुरुवात झाली आणि एप्रिल २००७ पर्यंत ते उभं राहिलं. जावातल्या कुठल्याही गावासारखं ते दिसत नाही. तिथं उतरती कौलं नाहीत, कोपरे नाहीत, सरळ भिंतीही नाहीत. एकाच मापाचे ७१ पांढरे घुमट ओळीनं बसले आहेत आणि प्रत्येकात एक कुटुंब राहतं. मशीद घुमटात, बालवाडी घुमटात, दवाखाना घुमटात आणि सामाईक न्हाणीघरंही घुमटातच. ‘डोम्स फॉर द वर्ल्ड’ या अमेरिकन संस्थेनं हे काम केलं, तर दुबईच्या एमार कंपनीचे मोहम्मद अलब्बार यांनी त्यासाठी पैसा दिला. लहान मुलांच्या टीव्ही मालिकेतल्या घराशी साम्य पाहून आसपासच्या लोकांनी या वस्तीला ‘टेलिटबीजचं गाव’ म्हणायला सुरुवात केली. आज तेच नाव रूढ आहे.

या घुमटांना लाकडी फळ्यांचं किंवा लोखंडी प्लेटांचं सेंट्रिंग लागलं नाही. फुगवलेल्या कापडावर सळया बांधल्या, त्यावर काँक्रीट चढवलं, ते घट्ट झाल्यावर हवा सोडली आणि कापड दारातून ओढून बाहेर काढलं. तेच कापड पुढच्या घरासाठी पुन्हा फुगवलं. दर पावसाळ्यात दरड आणि वादळाची धास्ती घेऊन जगणाऱ्या आपल्या महाराष्ट्रानं हे तंत्र नीट समजून घ्यायला हवं. त्याची ताकद कशात आहे, तसंच ते कुठं अपुरं पडतं, हेही.

खर्च साच्याचा

घराचा स्लॅब टाकताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की काँक्रीट एका दिवसात पडतं. वेळ जातो तो आधीच्या तयारीत. सेंट्रिंगवाले येतात, टेकू उभे करतात, प्लेटा मांडतात, लेव्हल बघतात. मग लोखंडाचं काम होतं. काँक्रीट पडल्यावरही सेंट्रिंग काही आठवडे तसंच ठेवावं लागतं. सपाट स्लॅबची ही गत, तर घुमटाचं विचारायलाच नको. घुमटाचा पृष्ठभाग दोन्ही दिशांना वळलेला असतो. सरळ फळी त्याला कुठंच धड बसत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा कापावा लागतो आणि एका घुमटासाठी कापलेली फळी दुसऱ्या मापाच्या घुमटाला चालत नाही. म्हणूनच घुमट हा आकार माणसाला फार पूर्वीपासून माहीत असूनही तो मंदिरं, मशिदी, थडगी आणि राजवाड्यांपुरताच राहिला. साध्या घराला तो परवडणारा नव्हता.

आकार म्हणून मात्र त्याच्यासारखा काटकसरीचा आकार नाही. सपाट स्लॅब स्वतःच्या वजनानं मधे वाकू पाहतो. खालच्या बाजूनं तो ताणला जातो आणि काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून खाली भरपूर सळया घालाव्या लागतात. घुमटात वजन वाकत वाकत खाली जात नाही. ते कवचाच्या आतूनच, कवचाच्या दिशेनं पायापर्यंत पोहोचतं. माथ्याजवळच्या भागात सगळीकडे दाबच असतो आणि दाब घेण्यात काँक्रीट पक्कं. अर्धगोल घुमटात माथ्यापासून सुमारे ५२ अंश खाली आल्यावर मात्र स्थिती बदलते. तिथून खालचा भाग बाहेर पसरू पाहतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवून लोहार जसं चाक आवळून टाकतो, तशी घुमटाच्या खालच्या भागात आडव्या सळयांची कडी आणि बुडाशी भक्कम गोल पाया लागतो. एवढी काळजी घेतली की कवच आश्चर्य वाटावं इतकं पातळ ठेवता येतं.

विजापूरचा गोलघुमट १६५६ साली पुरा झाला. त्याच्या घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर आहे आणि जाडी सुमारे ३ मीटर. विटा आणि चुना हाताशी असलेल्या कारागिरांनी ताण आवरण्यासाठी वजन वापरलं, आणि ते काम जगात नावाजलं गेलं. सळई घातलेल्या काँक्रीटला तेच काम काही सेंटिमीटरांत करता येतं. राहता राहिला प्रश्न साच्याचा. तो सोडवायला विसावं शतक उजाडावं लागलं.

सिमेंटची तोफ आणि साबणाचा बुडबुडा

पहिला धागा एका अनपेक्षित माणसाकडून आला. कार्ल एकली हे मेलेल्या जनावरांची कातडी हुबेहूब घडवलेल्या पुतळ्यांवर चढवून त्यांना जिवंत वाटेल असं रूप देणारे कारागीर होते. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या आफ्रिकी प्राण्यांच्या दालनामुळं ते पुढं प्रसिद्ध झाले. १९०७ च्या सुमारास ते शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये होते. त्या इमारतीचा गिलावा पडायला लागला होता आणि तो लवकर दुरुस्त करायचा होता. एकलींनी दाबाच्या हवेनं सिमेंट-वाळूचं मिश्रण नळीतून फेकणारं आणि नळीच्या तोंडाशी त्यात पाणी मिसळणारं यंत्र बनवलं. हीच ‘सिमेंट गन’. आज बोगद्यांच्या आणि जलतरण तलावांच्या कामावर ज्याला गनाइट किंवा शॉटक्रीट म्हणतात, त्याची सुरुवात इथं आहे. जोरात फेकलेलं मिश्रण आपटून घट्ट बसतं, उभ्या पृष्ठभागाला आणि छताच्या खालच्या बाजूलाही चिकटतं. त्याला दुसऱ्या बाजूनं साचा लागत नाही. एकच बाजू पुरते.

ती एक बाजू हवेची असू शकते हे ओळखलं वॉलेस नेफ यांनी. नेफ हे कॅलिफोर्नियातले वास्तुविशारद, हॉलिवूडच्या नटनट्यांचे बंगले बांधणारे. १९३० च्या दशकात दाढी करताना बेसिनवर टिकून राहिलेला साबणाचा बुडबुडा पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी हकिकत सांगितली जाते. प्रेरणा काहीही असो, काम गंभीर होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लाकूड आणि पोलाद टंचाईत होतं आणि कामगारांना घरं तातडीनं हवी होती. टायर बनवणाऱ्या गुडइयर कंपनीनं रबराचे मोठे फुगे करून दिले. नेफनी फुगा पायाला आवळला, फुगवला, वर जाळी बसवली आणि गनाइटचा मारा केला. काँक्रीट घट्ट झालं की फुग्यातली हवा सोडून तो दारातून बाहेर.

१९४१ साली व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्च इथं सरकारी योजनेतून अशा घरांची एक छोटी वसाहत झाली. लोक तिला ‘इग्लू व्हिलेज’ म्हणत. ती फार टिकली नाही. १९६० च्या दशकात पाडली गेली. घरं कमकुवत होती म्हणून नव्हे. गोल भिंतीला पलंग लागत नव्हता, कपाट लागत नव्हतं, आणि युद्ध संपल्यावर अमेरिकन कुटुंबाला चौकोनी घर सहज मिळत होतं. समुद्रापलीकडे सेनेगलमध्ये, डाकार शहरात, मात्र १९५० च्या आसपास अशी सुमारे १,२०० घरं बांधली गेली. तिथल्या कुटुंबांनी पुढं या घुमटांना खोल्या जोडल्या, अंगणं केली, भिंती घातल्या आणि काही ठिकाणी जागेची किंमत वाढल्यावर घुमट पाडूनही टाकले. नेफ आपल्या मतावर ठाम राहिले. पासाडेनात १९४६ साली भावासाठी बांधलेल्या बुडबुड्याच्या घरात त्यांनी स्वतःची शेवटची वर्षं काढली. अमेरिकेत त्यांच्या अशा घरांपैकी उरलेलं तेवढं एकच.

जमिनीवर ओतायचं आणि उचलायचं

इटलीच्या दान्ते बिनी यांनी वेगळाच विचार केला. काँक्रीट उंचावर नेऊन फवारण्याची कटकट कशाला? ते जमिनीवरच सपाट पसरावं आणि हवेनं उचलावं. १९६४ साली बोलोन्याजवळच्या क्रेस्पेलानो इथं त्यांनी १२ मीटर व्यासाचा आणि ६ मीटर उंचीचा पहिला ‘बिनीशेल’ उभा केला. ओलं काँक्रीट काही तासांतच उचललं गेलं.

अडचण सळयांची होती. सपाट जाळी घुमट होताना ताणली जाणार, आणि सळई तर ताणत नाही. बिनींनी त्यासाठी लोखंडी स्प्रिंगांचं जाळं वापरलं. घुमट वर येत गेला की स्प्रिंगा ताणत जात आणि काँक्रीटला सगळीकडे सारखं पसरवून धरत. वरून आणखी एक आवरण असे, त्यामुळं ओलं काँक्रीट उतारावरून घसरत नसे. घुमट वर आल्यावर माथ्यापासून दोरांनी बांधलेले व्हायब्रेटर पृष्ठभागावरून फिरवून काँक्रीट दाबून घेत. १९६७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात त्यांनी याचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. चित्रपट दिग्दर्शक मिकेलांजेलो अँतोनिओनी आणि अभिनेत्री मोनिका व्हिती यांच्यासाठी सार्डिनिया बेटावर त्यांनी याच तंत्रानं समुद्राकाठी घर बांधलं.

१९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स सरकारनं बिनींना बोलावलं. शाळांना ग्रंथालयं आणि सभागृहं झटपट हवी होती. १८ आणि ३६ मीटर व्यासाचे घुमट अनेक शाळांत उभे राहिले. वेग होता, काटकसर होती, दिसायलाही देखणे होते. पण १९८६ साली पिटवॉटर हायस्कूलचा घुमट कोसळला. या घटनेचा धडा तंत्राच्या चाहत्यांनी टाळू नये. पातळ कवचाची ताकद त्याच्या आकारात आणि सारख्या जाडीत असते. काँक्रीट एका बाजूला बोटभर पातळ पडलं, सळई जागची हलली, पाणी मुरून गंजली, तर सपाट स्लॅबला जी चूक खपून जाते ती घुमटाला खपत नाही. त्यातही बिनींच्या पद्धतीत सगळं ओलं वजन एकाच वेळी हवेवर तोललेलं असतं. त्या वेळात काही बिघडलं तर दुरुस्तीला वाव राहत नाही.

बटाट्याच्या वखारीतून

तिसरा मार्ग अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात निघाला. डेव्हिड साउथ आणि त्यांचे भाऊ फवारणीच्या फोमनं इमारतींना उष्णतारोधक थर देण्याचा धंदा करत. आयडाहो म्हणजे बटाट्याचा प्रदेश. वखारी थंड राहणं ही तिथली मोठी गरज. साउथ बंधूंनी १९७६ साली शेली गावात बटाट्यासाठी ३२ मीटर व्यासाचा आणि जवळपास ११ मीटर उंच घुमट बांधला. १९७९ मध्ये पद्धतीचं पेटंट मिळालं. पुढं टेक्सासमधल्या इटली नावाच्या गावात त्यांनी ‘मोनोलिथिक’ या नावानं संस्था थाटली.

या पद्धतीत सगळं काम फुग्याच्या आतून होतं. पहिल्यांदा काँक्रीटचा गोल पाया घालतात आणि त्यातून सळयांची टोकं वर ठेवतात. पीव्हीसीचा लेप असलेल्या जाड कापडाचा, घुमटाच्या मापानं शिवलेला आणि जोडलेला फुगा पायाभोवती पट्ट्यांनी घट्ट आवळतात. मोठे पंखे लावून तो फुगवतात. आत जाण्यासाठी दोन दारांची छोटी खोली असते. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर हवा निघून जाते. फुग्याच्या आतल्या बाजूवर सुमारे ७५ मिलिमीटर पॉलियुरेथेन फोम फवारतात, त्यात लोखंडी आकडे रोवतात, आकड्यांना सळया बांधतात आणि मग शॉटक्रीटचे थर चढवतात. बाहेरचं कापड काढत नाहीत. तेच छताचं जलरोधक आवरण होतं.

आत एवढा कमी दाब असतो की माणसाला तो जाणवतही नाही, पण त्याचं गणित लक्षात ठेवण्याजोगं आहे. १०० मिलिमीटर पाण्याच्या थराइतका दाब धरू. म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो. ७ मीटर व्यासाच्या घुमटाचं जोतं ३८ चौरस मीटरच्या वर भरतं, म्हणजे हवा फुग्याला ३,८०० किलोंच्या जोरानं वर ढकलते. पाया तेवढा जड आणि पट्टे तेवढे पक्के नसतील तर सगळा फुगाच सुटून जाईल. आता दुसरी बाजू बघा. ७५ मिलिमीटर जाडीच्या ओल्या काँक्रीटचं वजन दर चौरस मीटरला सुमारे १८० किलो. हवा तोलते १०० किलो. सगळं काँक्रीट एकदम चढवलं तर माथा आत बसणार. म्हणून पहिला थर पातळ द्यायचा, तो घट्ट होऊ द्यायचा. मग तो स्वतःचं वजन पेलतो आणि पुढच्या थराचंही. प्रत्येक फेरी खालून वर, गोल फिरत पुरी करायची. जाडी कळावी म्हणून खुणेच्या पिना लावायच्या. आणि पहिले थर घट्ट होईपर्यंत पंखा क्षणभरही बंद पडता कामा नये. वीज गेली तर तत्काळ चालू होणारा जनरेटर साइटवर हवाच.

असे घुमट वादळात टिकतात याचे दाखले आहेत. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळ फ्लोरिडातल्या पेन्साकोला बीचवर आदळलं. किनाऱ्यावरची घरं उद्ध्वस्त झाली, तिथला एक राहता घुमट उभा राहिला. टेक्सासच्या किनारपट्टीजवळच्या एडना गावच्या शाळेनं असा घुमट बांधला. एरवी तो व्यायामशाळा म्हणून वापरतात, वादळात लोकांचा निवारा होतो. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेनं, म्हणजे ‘फेमा’नं, उचलला. सपाट भिंतीवर वारा थडकतो, पत्र्याच्या कडेखाली शिरून तो उचलतो. घुमटाला कडाच नसते. वाऱ्याला धरायला जागा मिळत नाही आणि छप्पर उडायचं तर वेगळं छप्परच नाही.

नगेलेपेनचं घर, आतून

नगेलेपेनमध्ये याच पद्धतीचं स्वस्त रूप वापरलं गेलं. महागडा फोम वगळला आणि काँक्रीट फुग्याच्या बाहेरून, स्थानिक लोकांच्या हातांनी थापलं. गवंड्याला लागते ती थापी, पाटी आणि सळई बांधायची तार, यापलीकडे फारसं काही नाही. बाकी फुगा, पंखा आणि शिकवणारी माणसं बाहेरून आली. एकच फुगा पुन्हा पुन्हा वापरता येत असल्यानं घरं झपाट्यानं उभी राहिली.

घराचा व्यास ७ मीटर. पुढं एक दार, मागं एक दार. खाली बैठकीची जागा, दोन झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर; वर घुमटाच्या पोकळीत माळ्यासारखा दुसरा मजला. संडास आणि न्हाणीघरं घरात नाहीत. अशी सहा सामाईक घुमटी बांधली आहेत, म्हणजे साधारण बारा घरांमागे एक.

आता या घरात राहायला आलेल्या बाईच्या जागी उभं राहून पाहू. भिंत जमिनीपासूनच आत कलत जाते. मांडणी ठोकायची तर मागं पाचर राहते. कपाट भिंतीला टेकत नाही. टेकवलं तर खालून पुढं येतं. खिळा ठोकायचा तर तो थेट घराच्या आधारातच जातो. स्वयंपाकघर घराच्या पोटात, आणि जावातल्या खेड्यात चुलीचा धूर मोकळ्या हवेत जायची सवय. मुलगा मोठा झाला, लग्न झालं, खोली वाढवायची, तर चौकोनी घराला एक भिंत जोडून वाढवता येतं. घुमटाला जोडायचं तरी कुठून? दोन गोलांमधला सांधा पावसात गळतो.

तरी लोकांनी वाट काढली. बऱ्याच कुटुंबांनी मागच्या दाराशी वेगळं स्वयंपाकघर बांधलं, कुणी पुढं पडवी काढली. घुमट झोपण्या-बसण्याचा झाला आणि बाकीचा संसार त्याच्याभोवती पसरला. डाकारच्या कुटुंबांनी अर्धशतकापूर्वी केलं तेच. पाहुणे बघायला येऊ लागले तेव्हा गावानं त्यातून उत्पन्नही काढलं. आज ते पर्यटकांचं गाव आहे. ज्यांची वाडी डोंगरासकट गेली त्यांना भूकंपाची भीती न बाळगता झोपता येईल असं घर सहा-सात महिन्यांत मिळालं, ही गोष्ट कुठल्याही गैरसोयीपेक्षा मोठी आहे. पण ते घर त्यांचं झालं ते त्यांनी त्याला पडवी जोडली तेव्हा. आराखडा करणाऱ्यांनी ती पडवी पहिल्याच दिवशी कागदावर काढायला हवी होती.

पिशवीतला निवारा

तातडीच्या निवाऱ्यासाठी आणखी एक मार्ग ब्रिटनमध्ये निघाला. पीटर ब्रुइन आणि विल्यम क्रॉफर्ड या लंडनच्या दोन विद्यार्थ्यांनी २००४-०५ च्या सुमारास सिमेंट भरलेलं कापड तयार केलं. घडी घातलेला निवारा पिशवीतून आणायचा, आतला प्लास्टिकचा फुगा पंख्यानं फुगवायचा, कापडावर पाणी मारायचं. चोवीस तासांत कवच कडक होतं. युद्धभूमी आणि छावण्यांसाठी कल्पना उत्तम होती. मात्र ‘काँक्रीट कॅनव्हास’ कंपनीचं हे कापड आज प्रामुख्यानं गुंडाळ्यांच्या रूपात, चर आणि कालव्यांना अस्तर म्हणून वापरलं जातं. तातडीच्या निवाऱ्याची मागणी संकट येतं तेव्हाच येते आणि तेव्हा तंबू आणि पत्रा नेहमीच स्वस्त पडतो. बाजारावर सोडलं तर हे तंत्र गरिबापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी सरकार किंवा संस्था लागते, आणि तीही संकटाच्या आधी.

आपल्याकडे

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं झोपेत माणसांवर कोसळली. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. त्या पुनर्वसनात लातूर जिल्ह्यातल्या गुबाळ गावात घुमटाकार घरंही बांधली गेली. तिथं फुग्याचा साचा नव्हता, पण आकाराचे प्रश्न तेच: सामान कुठं लावायचं, चूल कुठं मांडायची, घर वाढवायचं कसं. जावातल्या माणसांना २००७ नंतर जे कळलं ते मराठवाड्याला त्याच्या दहा वर्षं आधी कळलेलं होतं. हा अनुभव आपण नीट लिहून, अभ्यासून पुढच्या पुनर्वसनांना पुरवायला हवा होता.

त्यानंतरच्या दरडींची यादी सर्वांना पाठ आहे. जुलै २०१४ मध्ये माळीण, जुलै २०२१ मध्ये तळीये, जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. इर्शाळवाडीतून वाचलेल्या कुटुंबांना सुरुवातीला लोखंडी कंटेनरमध्ये राहावं लागलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात पत्रे उडाले, कौलं फुटली, आणि जिथं लोकांनी आसरा घ्यायचा त्या शाळांची छपरंही गेली.

हे सगळं समोर ठेवून मला जे वाटतं ते स्पष्ट सांगतो. फुग्यावरचा घुमट हा आपल्याकडे घरांसाठी पहिला पर्याय नाही. सामाईक निवाऱ्यासाठी तो पहिल्या पर्यायांत असायला हवा. घर वाढतं, बदलतं, वाटण्यांत तुटतं, पुन्हा जोडलं जातं. घुमटाला हे जमत नाही. शाळेची खोली, समाजमंदिर, धान्याचं गोदाम, अंगणवाडी या वास्तूंना मात्र एकच मोठी, खांब नसलेली मोकळी जागा हवी असते आणि ती फारशी बदलत नाही. वर्षभर शाळा, वादळाच्या रात्री गावाचा निवारा, असा दुहेरी उपयोग असेल तर वास्तू झिजत पडत नाही, तिची देखभालही होते.

यासाठी परदेशातून काही आणण्याची गरज नाही. काँक्रीटच्या कवचांच्या आराखड्यासाठी आपल्याकडे ‘आयएस २२१०’ हे भारतीय मानक आहे, शॉटक्रीटसाठी ‘आयएस ९०१२’ आहे. बोगद्यांच्या कामांमुळं शॉटक्रीट करणारे कुशल कामगार राज्यात आहेत. पीव्हीसीचं जाड कापड शिवणारे आणि जोडणारे ताडपत्रीवाले आहेत. तरीही चार अटी पाळल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पहिली, प्रत्येक जागेची माती तपासून, इमारतीचा आराखडा जाणकार अभियंत्यानं करावा. सरसकट एका नकाशावर बांधू नये. दुसरी, काँक्रीटची जाडी आणि सळयांचं कव्हर प्रत्येक थराला तपासावं आणि त्याची नोंद गावाला खुली असावी. तिसरी, गावातल्या किमान काही गवंड्यांना हे काम शिकवावं आणि दुरुस्तीचं ज्ञान गावात राहावं. चौथी, पडवी, चूल, न्हाणीघर, मांडणीची जागा हे आराखड्यातच असावं, आणि कवचाला कुठं भोक पाडलेलं चालतं व कुठं नाही हे भिंतीवरच मराठीत लिहून ठेवावं. आत आवाज घुमतो, म्हणून शाळेसाठी बांधताना आवाज शोषणाऱ्या अस्तराचाही खर्च धरावा. किनाऱ्यावर खाऱ्या हवेनं सळई गंजते, म्हणून तिथं दर काही वर्षांनी तपासणी सक्तीची हवी.

नेफ, बिनी आणि साउथ या तिघांनी साच्याचा खर्च हवेवर टाकून घुमट सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. त्यापुढचं काम वास्तुशास्त्राचं नाही, ते नियोजनाचं आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हा परिषदांनी, आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना बरोबर घेऊन, किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्ह्यात एकेक शाळा-निवारा या पद्धतीनं बांधून पाहावा. त्याचा खर्च, त्यातल्या चुका आणि गावकऱ्यांचं मत जाहीर करावं. तो उपयोगी ठरला तर दुसरा बांधावा, नाही ठरला तर तेही सांगावं. एवढं काम पुढचं वादळ येण्याच्या आधी व्हायला हवं. हा लेख वाचणाऱ्यांपैकी जे अभियंते, शिक्षक, सरपंच किंवा जिल्हा परिषद सदस्य असतील त्यांनी येत्या ग्रामसभेत आणि बैठकीत हा विषय मांडावा, ही विनंती.